चांदीचे नॅनोकण प्लेटमध्ये करपा थांबवतात, झाडावर मात्र शून्य – कुठे चुकतंय?

मृद्गंध_पुणे (प्रश्न)

टोमॅटोवरच्या लवकर येणाऱ्या करप्यासाठी (अल्टरनेरिया सोलानी) कडुनिंबाच्या पाल्यापासून चांदीचे नॅनोकण करते आहे. लॅब पुण्यात, रोपं नारायणगावजवळच्या शेडनेटमध्ये. कृती अशी:

१० ग्रॅम ताजा पाला धुऊन, चिरून १०० मिलि डिस्टिल्ड पाण्यात १५ मिनिटं उकळला, थंड करून व्हॉटमन नंबर १ मधून गाळला. १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट (लिटरला ०.१७ ग्रॅम) ९० मिलि घेऊन त्यात अर्क १० मिलि घातला आणि अंधारात ठेवला. दोन तासांत फिकट पिवळ्याचा तपकिरी रंग झाला. यूव्ही-व्हिजिबलवर (कुठला प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र) शिखर ४३५ नॅनोमीटरला.

प्लेटमध्ये: पीडीएत (बुरशी वाढवायचं बटाट्याचं अगार माध्यम) ५०, १०० आणि २०० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) मिसळून मधोमध बुरशीची ५ मिमी चकती. २०० ला वाढ जवळपास थांबते, ५० ला किंचित कमी होते.

झाडावर: १६ लिटरच्या पंपात १६० मिलि द्रावण, म्हणजे लिटरला १० मिलि. बोअरचं पाणी, फवारा पानाला चिकटावा म्हणून नेहमीचं स्टिकर. खालच्या पानांवर ठिपके दिसायला लागल्यावर आठ दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या. फवारलेल्या आणि न फवारलेल्या रांगा शेजारी उभ्या केल्या तर ओळखू येत नाहीत.

डोस वाढवू, की कण पानावर टिकतच नाहीत? की चांदी सोडून तांब्याकडे वळावं?

कोलॉइडवाला

ताई, बाकी सगळं नंतर. आधी एक सांगा, २०० पीपीएम कशाचे? १ मिलिमोलर द्रावणात चांदी असते लिटरला १०८ मिग्रॅ. ९० ला १० मिलि अर्क घातला की ती ९७ वर येते. म्हणजे तुमची मूळ बाटलीच ९७ पीपीएमची आहे. पाणी न घालता आख्खी बाटली प्लेटमध्ये ओतली तरी २०० होणार नाहीत. मग हा आकडा आला कुठून?

मृद्गंध_पुणे

सर, १ मिलि माध्यमात २०० मायक्रोलिटर द्रावण, असं धरलं होतं. ज्या प्रबंधावरून पद्धत घेतली त्यात तसंच लिहिलंय.

कोलॉइडवाला

वाटलंच. हा घोळ इतका सर्रास आहे की आता कोणी पीपीएम लिहिलं की मी आधी आकारमान विचारतो. मायक्रोलिटर प्रति मिलि म्हणजे पीपीएम नव्हे. तुमचा खरा तक्ता असा:

२०० मायक्रोलिटर म्हणजे चांदी साधारण १९.४ पीपीएम. १०० म्हणजे ९.७. ५० म्हणजे जेमतेम ४.९.

आता पंप. १६ लिटरमध्ये १६० मिलि गेलं, त्यातली चांदी साडेपंधरा मिलिग्रॅम. म्हणजे फवाऱ्यात १ पीपीएमसुद्धा पुरती नाही, ०.९६ भरते. प्लेटमध्ये १९ ला थांबलेली बुरशी झाडावर १ ला थांबावी अशी आपली अपेक्षा! प्लेटमध्ये ५ पीपीएमलाच परिणाम 'किंचित' होता, हे तुम्हीच वर लिहिलंय. नॅनोकण पानावर टिकतात की नाही हा प्रश्न त्यानंतरचा.

आणि ही १ पीपीएमही चांदीचे सुटे कण म्हणून पंपातून बाहेर पडली असेल, याची खात्री नाही. बोअरच्या पाण्यातला क्लोराइड तपासलाय का? पिण्याच्या पाण्याच्या मानकातही लिटरला २५० मिग्रॅ चालतो. तुमच्या बोअरमध्ये समजा १०० मिग्रॅ आहे. रेणूंच्या हिशेबात तो २.८ मिलिमोलर झाला, आणि पंपातली चांदी ०.००९ मिलिमोलर. चांदीच्या एका अणूमागे तीनशेच्या वर क्लोराइड. कणांवरून जे आयन सुटतात (आणि बुरशीला मारण्यात मोठा वाटा त्यांचाच) ते सुटल्या सुटल्या सिल्व्हर क्लोराइड होऊन बसतात.

दुसरा शत्रू कॅल्शियम. पाल्याच्या अर्कात तयार झालेले कण बहुतेक ऋण भारामुळे एकमेकांपासून लांब राहतात. जड पाण्यातला कॅल्शियम तो भार झाकून टाकतो आणि कण एकमेकांना चिकटतात. दोन धन भारांचा कॅल्शियम या कामात सोडियमपेक्षा कितीतरी पट वाईट. गुठळी झाली की ती नॅनो राहत नाही, पंपाच्या तळाला साका होऊन बसते.

हे बघायला यंत्र लागत नाही. दोन काचेचे ग्लास घ्या. एकात डिस्टिल्ड पाणी ९० मिलि, दुसऱ्यात तुमच्या बोअरचं पाणी ९० मिलि. दोन्हींत १०-१० मिलि द्रावण घालून मागे पांढरा कागद धरा. अर्ध्या तासाने डिस्टिल्डचा ग्लास सोनेरी पिवळा असला पाहिजे. बोअरचा ग्लास राखाडी झाला, फिका पडला किंवा तळाशी काळपट भुकटी बसली तर कण तिथेच संपले. मग दोन्हींचा स्कॅन काढा: गुठळ्या झाल्या की ४३५ चं शिखर बुटकं आणि पसरट होतं आणि ५५० च्या पुढे शेपूट वर उचलली जाते.

उपाय म्हणून कणांना भाराच्या भरवशावर न सोडता अंगाभोवती आवरण द्यायचं. गम अरेबिक (बाभळीच्या जातीचा डिंक) किंवा पीव्हीपी (पाण्यात विरघळणारा पॉलिमर). गम अरेबिक ०.२ टक्क्यापासून सुरू करा, घालायचा तो सिल्व्हर नायट्रेटमध्ये, अर्क ओतण्याआधी. रंग आल्यावर घातला तर झालेल्या गुठळ्यांनाच आवरण बसतं. नंतर पुन्हा तीच ग्लासाची परीक्षा.

पाला धुण्याबद्दलही लिहायचं राहिलं. नळाच्या पाण्याने धुतल्यावर डिस्टिल्डने तीनदा विसळा. पाल्यात स्वतःचा क्लोराइड असतोच, त्यात नळाचा मिसळला की कणांमध्ये सिल्व्हर क्लोराइड हमखास सापडतं. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायची चाचणी) केलंत तर चांदीच्या रेषा ३८.१, ४४.३, ६४.४ आणि ७७.४ अंशांना येतात. २७.८, ३२.२ आणि ४६.२ ला काही उगवलं तर तो क्लोराइड. 'अनोळखी शिखरं अर्कातल्या सेंद्रिय पदार्थांची' असं लिहून पुष्कळ जण सुटतात. तुम्ही सुटू नका.

कवकवेल

रसायनाचं झालं, आता रोगशास्त्राचं बोलते.

ताई, तुमच्या प्रयोगात कंट्रोल, म्हणजे तुलनेच्या प्लेट्स, किती होते? एकच, साधा पीडीए, असं गृहीत धरते. त्यावरून नॅनोकणांनी बुरशी थांबवली असं म्हणता येत नाही. त्याच प्लेटमध्ये कडुनिंबाचा अर्कही होता आणि न उरकलेलं सिल्व्हर नायट्रेटही. किमान एवढे हवेत: साधा पीडीए, तेवढाच अर्क पण चांदीशिवाय, तेवढीच चांदी नायट्रेटच्या रूपात, द्रावण सेंट्रिफ्यूज केल्यावरची वरची निथळ, आणि बाजारातलं एक नोंदणीकृत बुरशीनाशक शिफारशीच्या मात्रेत. नायट्रेटची प्लेट कणांच्या प्लेटइतकीच स्वच्छ दिसली, तर तुम्ही मोजलेत ते आयन.

रंग बदलला म्हणजे सगळी चांदी कणांत गेली असं नसतं. १५,००० आरपीएमला अर्धा तास फिरवा, वरची निथळ वेगळी काढून तिच्यात मिठाच्या पाण्याचा एक थेंब सोडा. पांढरं धुकं आलं की मोकळी चांदी शिल्लक आहे. (अगदी बारीक कण निथळीतच राहतात, त्यामुळे ती किंचित पिवळी दिसली तर घाबरू नका.) खाली बसलेला गोळा डिस्टिल्ड पाण्यात हलवल्यावर परत मोकळा झाला पाहिजे. कपच्या-कपच्या तरंगल्या तर तो लॉट टाकून द्या.

विषमिश्रित माध्यमाची पद्धत (तुम्ही केलीत तीच, औषध माध्यमातच मिसळायची) करताना अडचण येते ती मात्रेची. तुमच्या ९७ पीपीएमच्या बाटलीतून प्लेटमध्ये ५० न्यायचे तर निम्मं माध्यम तेच होईल आणि पीडीए पातळ पडेल. म्हणून पीडीए दुप्पट ताकदीचा करा: लिटरला ३९ ऐवजी ७८ ग्रॅम. ऑटोक्लेव्ह करून ४५–५० अंशांपर्यंत निवला की समान आकारमानाने द्रावण मिसळा. द्रावण आधी कोमट करून घ्या, नाहीतर ओततानाच अगारच्या गाठी होतात. असे जास्तीत जास्त ४८.५ पीपीएम मिळतात. त्याच्या वर जायचं तर कण सेंट्रिफ्यूज करून कमी पाण्यात घ्यावे लागतील. नॅनोद्रावण माध्यमात घालून ऑटोक्लेव्ह करू नका, आणि ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून 'निर्जंतुक केलं' असंही नको. गाळणी तपकिरी झाली की समजा, मात्रा गाळणीवरच राहिली.

प्लेटला २० मिलि माध्यम, प्रत्येक मात्रेच्या किमान चार प्लेट्स, २५ ते २७ अंशांवर. मोजायचं ते कंट्रोलची बुरशी काठाला पोचायच्या आत. कंट्रोलच्या व्यासातून उपचाराचा व्यास वजा, भागिले कंट्रोल, गुणिले १००. दोन्ही व्यासांतून चकतीचे ५ मिमी आधी वगळा, ते बहुतेकांचे राहून जातात.

आणि एवढं करूनही ही परीक्षा तुमच्या कामाची अर्धीच आहे. बुरशीचे धागे किती पसरले हे ती मोजते. पानावर चांदी, तांबं, जस्त ही पहारेकऱ्याची कामं करतात: बीजाणू पानावर पडला, ओल मिळाली, अंकुरनलिका निघाली की तिथे अडवायचं. पानात शिरलेल्या धाग्यापर्यंत ती पोचत नाहीत. त्यात पीडीएमधल्या बटाट्याच्या अर्कातली प्रथिनं आणि अमिनो आम्लं धातूचे आयन धरून ठेवतात, त्यामुळे तांब्यासारखा धातू प्लेटमध्ये असतो त्यापेक्षा दुबळा दिसतो.

म्हणून बीजाणू उगवण्याची परीक्षा करा. खळग्याच्या काचपट्टीवर बीजाणूंचं पाणी (मिलिला १०,००० ते १ लाख) आणि दुप्पट ताकदीचं द्रावण समान घ्या, पट्टी ओल्या टिपकागदाच्या प्लेटमध्ये झाकून २५ अंशांवर ८ ते १२ तास ठेवा. प्रत्येक पट्टीवर १०० बीजाणू मोजा. नलिका बीजाणूच्या रुंदीपेक्षा लांब झाली तरच 'उगवला' धरायचं. अडचण एकच: अल्टरनेरिया सोलानी पीडीएवर बीजाणू द्यायला फार कंजूष. थर निर्जंतुक पात्याने खरवडून टाका, प्लेट १२ तास उजेड आणि १२ तास अंधारात ठेवा, मग खरवडलेल्या रेघांवर बीजाणू येतात.

शेडनेटमध्येही वेळ चुकली होती. ठिपके दिसल्यावर फवारलं तेव्हा बुरशी आत होती. त्या पानावर १ काय आणि ५० काय, डाग वाढणारच.

ओतूर_बागायत

नमस्कार मंडळी. वाचत होतो. द्राक्षाच्या डाऊनीवर, म्हणजे केवड्यावर, ह्या चांदीच्या द्रावणाचं काही जमेल का? आणि कोणी तरी डाळिंबाच्या तेल्यावर चालतं म्हणून विकतोय.

कवकवेल

दादा, केवड्याची प्लास्मोपारा जिवंत पानाशिवाय वाढत नाही आणि ती खरी बुरशीही नाही, पाणबुरशीच्या गटातली आहे. त्यामुळे 'पीडीएवर केवडा थांबवला' असं कोणी दाखवलं तर प्लेटमध्ये दुसरंच काही तरी होतं. तिथे पानाच्या चकत्या वापरतात: तिसऱ्या-चौथ्या पानाच्या चकत्या ओल्या टिपकागदावर, पानाची खालची बाजू वर करून, आधी द्रावण, वाळल्यावर बीजाणूंचं पाणी. भुरीचंही तसंच, तीही प्लेटमध्ये वाढत नाही.

तेल्या जिवाणूचा, झँथोमोनासचा. चांदी-तांबं जिवाणूंवरही चालतं हे खरं, पण विकणाऱ्याला लेबलवर काय लिहिलंय ते विचारा. लेबलचं पुढे कोणीतरी लिहीलच.

मोरचूद_कळीचा_चुना

लिहितो. पण आधी चांदीचा हिशेब शेताच्या मापाने करून बघू, म्हणजे ताईंच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप येईल.

टोमॅटोला एकरी २०० लिटर पाणी धरा. ५० पीपीएम चांदी म्हणजे एका फवारणीला १० ग्रॅम शुद्ध चांदी, सिल्व्हर नायट्रेटच्या रूपात पावणेसोळा ग्रॅम. लक्ष्मी रोडवर आज काय भाव चाललाय तो बघा आणि सात-आठ फवारण्यांनी गुणा. बरं, पैसे बाजूला ठेवले तरी ९७ पीपीएमच्या बाटलीतून १० ग्रॅम काढायला १०३ लिटर द्रावण लागेल. २०० लिटरच्या टाकीत निम्मं तेच! कडुनिंबाचा काढा करायला आचारी बोलवावा लागेल. रोपवाटिकेत, ऊतीसंवर्धनात, बीजप्रक्रियेत, काढणीनंतरच्या फळाच्या पेटीत चांदीला जागा आहे, कारण तिथे आकारमान कमी लागतं. उघड्या शेतात मला ती पटत नाही.

आता तांबं. १ टक्का बोर्डो म्हणजे १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. मोरचुदात तांबं साडेपंचवीस टक्के, म्हणून फवाऱ्यात २,५५० पीपीएम. कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के, लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे १,२५० पीपीएम. हेच काम १०० ते २५० पीपीएम नॅनो तांब्यात झालं तर जमिनीत जाणारं तांबं पाच-दहा पटीने घटतं. नॅनो तांब्याचा खरा मुद्दा मला हा वाटतो, 'जास्त जालीम' हा नव्हे. युरोपीय संघाने तांब्यावर हेक्टरी सात वर्षांत २८ किलोची मर्यादा घातलीय. १ टक्का बोर्डो हेक्टरी १,००० लिटर मारलं की एका फवारणीत अडीच किलोवर तांबं जातं. म्हणजे सात वर्षांत अकरा फवारण्या, बस्स. आपल्याकडे द्राक्षात हा कोटा किती लवकर संपेल ते ओतूरकरांना सांगायला नको.

तांब्याचे कण कमी मात्रेतही चालतात ते क्षेत्रफळामुळे. तेच वजन बारीक झालं की पानावर ठिपक्यांचं जाळं दाट बसतं आणि आयन थोडे थोडे सुटत राहतात. शिवाय तांबं झाडाला अन्न म्हणूनही लागतं. अमेरिकेतल्या कनेक्टिकट कृषी प्रयोग केंद्रात वांगी आणि टोमॅटोच्या रोपांवर कॉपर ऑक्साइडचे नॅनोकण पानांवर फवारून मर रोगाची तीव्रता कमी झालेली दिसली. मर मुळातून येते, फवारा पानावर. म्हणजे तिथे कणांनी बुरशी थेट मारली नाही, झाडाची स्वतःची बचाव-एन्झाइमं, ज्यांना तांबं लागतं, ती सावरली असा अर्थ लावतात.

प्रयोगापुरती कृती (शेतात विकायला नव्हे): मोरचूद, पण लॅबचं, ०.२५ ग्रॅम, ५० मिलि डिस्टिल्ड पाण्यात, त्यातच पीव्हीपी १ ग्रॅम विरघळवा. वेगळ्या भांड्यात ॲस्कॉर्बिक आम्ल ०.८८ ग्रॅम ५० मिलि पाण्यात. पहिलं ८० अंशांपर्यंत तापवून सतत ढवळत दुसरं थेंब थेंब सोडा. निळा रंग जातो, मग पिवळट, नारिंगी आणि शेवटी विटकरी. शेवटी १०० मिलि होतं, तांबं ६३५ पीपीएम. पिवळ्या-नारिंगीवरच अडकलं तर तो बहुधा क्युप्रस ऑक्साइड. तोही बुरशीनाशकच आहे, पण मग त्याला 'नॅनो तांबं' म्हणू नका. काळं पडलं तर हवा लागून कॉपर ऑक्साइड झालं. बाटली काठोकाठ भरून घट्ट झाका आणि फ्रिजमध्ये ठेवा.

बोर्डोची जुनी युक्ती इथेही चालते. स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा द्रावणात मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला की मोकळं तांबं शिल्लक आहे आणि कोवळी पानं करपणार. बोर्डोत आपण चुना वाढवतो. इथे चुना ओतू नका, कॅल्शियमने गुठळ्या होतील. तापमान धरून अजून तासभर ढवळा आणि खिळा परत बुडवा.

कोलॉइडवाला

मोरचूद, कृती ठीक आहे, एक दुरुस्ती. ॲस्कॉर्बिक आम्ल तांब्याच्या पाचपट घेतलंय, त्यातलं बरंच शिल्लक राहतं. द्रावण आंबट असतं आणि खिळ्यावर आम्लाचाही परिणाम होतो, त्यामुळे खिळा काळवंडला तर ते तांबं नव्हे. थर बोटाने पुसून तांबडा दिसतो का ते बघा. फवारणीआधी पीएच ६.५ च्या आसपास आणा, कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणाने, थेंबाथेंबाने. आणि 'ॲस्कॉर्बिक + पीव्हीपी, तांबं नाही' असा कंट्रोल झाडावर पाहिजेच.

जस्ताबद्दल कोणी विचारलं नाही, तरी सांगतो: झिंक ऑक्साइड आम्लात विरघळतो. फोसेटिल ॲल्युमिनियमसारख्या आंबट औषधात मिसळलात तर पंपात नॅनोकण नाहीत, साधं जस्ताचं मीठ आहे. तांब्याचंही फोसेटिलशी जमत नाही, तिथे तर पानं जळतात. चांदी गंधकाबरोबर नको, सल्फाइड होऊन काळी पडते.

जाता जाता: पाल्याच्या काढ्याने चांदीचे कण करण्याची ही रीत आपल्या पुण्यातल्या पाषाणचीच. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ मध्ये कडुनिंबाच्या पाल्याने सोन्या-चांदीचे कण करून दाखवले. त्याआधी, २००३ मध्ये, त्याच गटाने फ्युजेरियम ऑक्सिस्पोरमकडून चांदीचे कण करून घेतले होते. म्हणजे मर रोगाची ही बुरशी चांदीचे आयन स्वतःच कणांत बदलून बाहेर ठेवते. कधी तिच्यावर चांदीची मात्रा ठरवायची झाली तर हे लक्षात असू द्या.

मोरचूद_कळीचा_चुना

लेबलचं राहिलं होतं. बुरशीनाशक म्हणून काहीही विकायचं तर कीटकनाशक कायदा १९६८ खाली फरिदाबादच्या केंद्रीय मंडळाची नोंदणी लागते, नॅनो असो की नसो. 'नॅनो खत' म्हणून जे येतं ते खत नियंत्रण आदेश १९८५ खाली, पोषणासाठी. त्यावर 'करपा, तेल्या, डाऊनी' लिहिलं असेल तर तो दावा त्या परवान्यात बसत नाही. नॅनो कृषी-उत्पादनं कशी तपासायची याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २०२० मध्ये निघाली आहेत, ताईंनी प्रबंधाआधी ती वाचावीत. आणि फवारलेल्या रोपांचा माल बाजारात किंवा घरी नेऊ नका, खड्ड्यात घाला.

ट्रायकोडर्माची आळवणी चालू असेल तर त्याच टाकीत हे द्रावण नको. चांदी-तांब्याला मित्र-शत्रू कळत नाही.

मृद्गंध_पुणे

सगळ्यांचे आभार. ग्लासाची परीक्षा केली. बोअरचा ग्लास वीस मिनिटांत राखाडी, तळाला भुकटी. डिस्टिल्डचा अजून पिवळा आहे. नायट्रेटची प्लेट लावली नव्हती, आता लावते.

पुढची आखणी अशी, चुकत असेल तर सांगा. कुंड्यांत ३०–३५ दिवसांची रोपं, प्रत्येक उपचाराला सहा, जागा चिठ्ठ्या टाकून. द्रावणं: तांबं १०० पीपीएम, चांदी २० पीपीएम, तेवढंच साधं मोरचूद, कॉपर ऑक्सिक्लोराइड, ॲस्कॉर्बिक-पीव्हीपी, नुसतं पाणी. फवारणीनंतर २४ तासांनी बीजाणू, मग ४८ तास प्लॅस्टिकची पिशवी. दहाव्या दिवशी पानांना ० ते ५ गुण. तांब्यासाठी २ लिटर फवारा लागेल, त्याला २०० मिलि द्रावण घेते. आणि चांदीचं उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतलं तर चालेल का?

कवकवेल

आखणी चांगली. गुण कोण देणार? ज्याला कुठल्या कुंडीत काय ते माहीत नाही अशा कोणाकडून द्या. निर्देशांक काढताना गुणांची बेरीज गुणिले १००, भागिले पानांची संख्या गुणिले ५. पिशवी उन्हात नको, शिजतील. साध्या मोरचुदाने पानं भाजली तर त्या डागांना करप्याचे गुण देऊ नका. करप्याच्या डागात एकात एक वर्तुळं दिसतात, भाजलेल्या डागात नाही.

कोलॉइडवाला

बेसिनमध्ये नको. रुंद तोंडाच्या बाटलीत साठवा, मीठ घालून चांदी खाली बसवा, साका संस्थेच्या घातक कचऱ्यात द्या. चांदीचे आयन पाण्यातल्या जिवांना फार कमी मात्रेत मारतात. सिल्व्हर नायट्रेटला हातमोजे. बोटं काळी झाली तर आठवडाभर जात नाहीत. सुकी नॅनोभुकटी कधी करावी लागली तर हुडमध्ये आणि एन-९५ लावून.

आणि परत एकदा आकडेमोड. ६३५ पीपीएमच्या बाटलीतून २ लिटरला १०० पीपीएम करायला २०० मिलि नव्हे, ३१५ मिलि लागतील. २०० मध्ये फक्त ६३.५ पीपीएम होतील. १,६८५ मिलि डिस्टिल्ड पाणी आधी, त्यात द्रावण, मग पीएच, स्टिकर सगळ्यात शेवटी, आणि तेही आयनविरहित प्रकारचं.

मृद्गंध_पुणे

३१५. वहीत लाल शाईने लिहिलं.